साहिलचं वाक्य कुणालाच आठवत नाही

डोंबिवली
नोव्हेंबर २०२५

चि. चिनू,


'घरातल्या प्रत्येकाला विचार, "साराभाई व्हर्सेस साराभाई" या मालिकेतलं आवडतं वाक्य कुठलं, आणि मला यादी पाठव,' असं फर्मान फोनवरून सोडलंस आणि स्वतः मात्र तालमीचं निमित्त सांगून दिवाळीत पुण्यालाच राहिलास. विनोदी एकांकिका लिहायची तर लोकांच्या काय ध्यानात राहतं ते आधी बघावं, हा तुझा हिशेब मला पटला. भाऊबिजेला सगळे जमले होते, तेव्हा विषय काढला. तासभर कुणी कुणाला वाक्य पुरं करू देईना. यादी झाली, पण नुसती यादी तुझ्या उपयोगाची नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

तुझ्या आईला धड एकही वाक्य आठवेना. तिच्या डोक्यात बसलाय तो सासू मायाचा, सून मोनिशाला सुनावतानाचा सूर. दुकानात दोनावर एक फुकट असलेला साबण तिनं उचलला की तुझे बाबा मान जराशी तिरकी करून, आवाज अजिबात न चढवता, 'मोनिशा बेटा' एवढंच म्हणतात. ती साबण पिशवीत टाकते आणि पुढे जाते. त्यापुढचं 'मिडल क्लास' म्हणायची आता गरजच उरलेली नाही. तुझे काका मायाच्या नवऱ्याचे, इंद्रवदनचे भक्त. त्यांना अमुक एक प्रसंग निवडता येईना, कारण त्यांना आवडते ती त्याची सवय: सासूसुनेत काडी टाकायची आणि मग सोफ्यावर रेलून खुसखुसत मजा बघायची. तुझ्या ताईनं त्यांच्या धाकट्या मुलाच्या, रोसेशच्या कविता म्हणून दाखवल्या, घसा दाबून काढलेल्या त्याच्या त्या आवाजात. मॉम्माची पर्स हा काव्याचा विषय होऊ शकतो हे मराठी नवकवींच्याही लक्षात आलं नव्हतं.

आजीनं कुणाचं नाव घेतलं असेल? मधुसूदन फुफांचं. इंद्रवदनच्या बहिणीचा तो कमी ऐकू येणारा नवरा. अरविंद वैद्यांचं ते नुसतं 'हैं?' ऐकलं तरी ती डोळे पुसेपर्यंत हसते. तिला स्वतःला यंत्र लावल्याशिवाय ऐकू येत नाही, म्हणून मी जरा चाचरतच विचारलं. म्हणाली, 'अगं, ऐकू येत नाही याचं कसलं हसू? त्याला आपण चुकीचं ऐकलं अशी शंकाच येत नाही, त्याचं हसू येतं. मला मेलीला रोज येते.' हे वाक्य तुझ्या वहीत उतरवून ठेव. विनोदावरची जाड पुस्तकं मी वाचलेली नाहीत, पण त्यात याहून वेगळं काय लिहिलं असणार?

आता गंमत बघ. एवढ्या गलक्यात मोनिशाच्या नवऱ्याचं, साहिलचं, एकही वाक्य कुणी सांगितलं नाही. साहिल करणारा सुमित राघवन आपल्या घरात सगळ्यांचा लाडका. '...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर'मध्ये त्यानं डॉ. लागू उभे केले तेव्हा तुझे बाबा दोनदा जाऊन आले होते. तरी साहिल काय बोलतो ते कुणालाच आठवेना. मी मुद्दाम विचारलं, तर ताई म्हणाली, 'तो काही बोलतो कुठे? तो मध्ये सापडतो.'

मी बँकेच्या नाटकांत आयुष्यभर प्रॉम्प्टिंग केलं हे तुला माहीत आहे. रंग लावला नाही, पण विंगेत बसून वही धरली की एक गोष्ट कळते. हशा ज्या वाक्यावर येतो ते वाक्य आणि हशा ज्याच्यामुळे येतो तो माणूस बऱ्याचदा वेगळे असतात. आमच्या एका फार्सात बायकोचं काम करणारीला दर प्रयोगाला टाळी पडायची. एका प्रयोगाला नवऱ्याचं काम करणारा आजारी पडला आणि दुसरा उभा केला. वाक्यं तीच, बाई तीच, पण टाळी गेली. नवा नवरा बायकोचं वाक्य यायच्या आधीच ते विनोदी आहे हे ओळखून ओठ हलवत होता. पहिला बिचारा खरंच घाबरायचा.

साहिलचं तसंच आहे. धंद्यानं तो कॉस्मेटिक सर्जन, म्हणजे लोकांचे चेहरे नीट करणारा. घरात मात्र त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याचे हाल बघायचे. इकडे आई, तिकडे बायको, समोर बाप तेल ओतायला तयार. त्यातून बहीण सोन्याचा नवरा दुष्यंत येऊन मिक्सर उघडणार आणि आतली मोटर कशी फिरते ते सगळ्यांना समजावून सांगणार. या सगळ्यात साहिलची वाक्यं म्हणजे बहुतेक विनवण्या: डॅड, नको. मॉम, प्लीज. मोनिशा, जाऊ दे. विनवणी कोण पाठ करतो? पण मायानं टोमणा मारल्यावर कॅमेरा साहिलकडे जातो, तो डोळे मिटतो किंवा नाकाचा शेंडा चिमटीत धरतो, आणि टोमणा लागला हे आपल्याला तिथे कळतं. त्या घरात ज्याला यातलं काहीच विनोदी वाटत नाही असा तो एकटाच.

एकटाच म्हटलं खरं, पण मायालाही तसं वाटत नाही. ती विनोद करतच नाही. मोनिशाचा अपमान करावा असं तिच्या मनात कधीच नसतं. तिला मनापासून सुनेचं भलं करायचं असतं. नोएडाहून आलेल्या मनीषाचं तिनं मोनिशा केलं, कारण मनीषा म्हणजे फारच मिडल क्लास. (आपल्याकडे दोन मनीषा आहेत, दोघीही हे ऐकून खूश झाल्या.) 'मिडल क्लास'च्या आधी ती एखादं भारदस्त इंग्रजी विशेषण जोडते, दर वेळी नवं. त्यात तिची मेहनत दिसते. रत्ना पाठक शहा ते वाक्य कसं टाकते ते नीट बघ. पाठ ताठ, हात मांडीवर, शेवटच्या शब्दावर आवाज किंचित खाली. एखादीनं तिथे नाक मुरडलं असतं आणि सगळं हातातून गेलं असतं. तिची सख्खी बहीण सुप्रिया पाठक 'खिचडी'त हंसा झाली, आणि या दोघी दीना पाठकांच्या मुली. एकाच घरातून इतक्या उलट्या दोन बायका निघाल्या, आणि दोघींना पडद्यावर आणणारी मंडळीही तीच, आतिश कपाडिया आणि जे. डी. मजेठिया. 'साराभाई'चा दिग्दर्शक देवेन भोजानी, म्हणजे आपला दुष्यंतच. हे सगळे मुंबईच्या गुजराती रंगभूमीवरचे. तिथल्या नटाला हशा विरत आल्यावर पुढचं वाक्य कधी घ्यायचं ते शिकवावं लागत नाही. आपल्याकडेही पूर्वी लागत नसे.

मला खरा प्रश्न पडतो तो वेगळाच. ही मालिका बघणारे आपण कोण? डोंबिवलीच्या दोन खोल्यांत तेलाच्या पिशवीचा कोपरा कापून ती डब्यावर उलटी टांगून ठेवणारे. म्हणजे मोनिशाच. तरीही पाठ कुणाची वाक्यं आहेत? मायाची. कफ परेडच्या बाईनं आपल्याला नावं ठेवली आणि आपण ती आवडीनं घरी आणली. मराठी नाटकानं आणि विनोदी लेखनानं आपल्या काटकसरीला फार लाडावून ठेवलंय. आपण हसलो, पण शेवटी चाळच चांगली, आपणच खरे, असं म्हणवून घेतलं. 'साराभाई' हे लाड करत नाही. मोनिशा पसारा घालते, कूपनं जमवते, खोटं बोलून वेळ मारून नेते, आणि लेखक तिची बाजू घ्यायला धावत नाही. मायाचीही घेत नाही. दोघींची दारं समोरासमोर, आणि दोन्हीकडून सारखीच फजिती. म्हणून तुझ्या आईला 'मोनिशा बेटा' ऐकून राग येत नाही. रागवायला कुणीतरी वरचढ ठरायला हवं ना!

तुझ्या बाबांचं मत यादीत शेवटी टाकतेय, कारण त्यांनी 'साराभाई' सोडून वीस वर्षं मागे उडी मारली. १९८४चं 'ये जो है जिंदगी', दूरदर्शनवरचं. लेखक शरद जोशी. ते हिंदीतले व्यंगकार, आपले शेतकरी संघटनेचे नव्हेत. दिग्दर्शकांत कुंदन शहा. त्यात सतीश शहा, म्हणजे आपला इंद्रवदन, दर भागात नव्या माणसाच्या रूपात यायचा. आज कोण बनून येणार यावर आमच्या चाळीत पैजा लागायच्या. टिकू तलसानियाचं 'ये क्या हो रहा है?' तर आमच्या वर्गात गणिताचा पेपर हातात पडला की कुणीतरी म्हणायचंच. तुझ्या बाबांचं म्हणणं असं की इंद्रवदन करायला तीच तालीम उपयोगी पडली. मला वाटतं, उलट आहे. इतके वेश बदलणाऱ्या नटाला पुढे एकाच झब्ब्यात, एकाच सोफ्यावर बसवलं आणि तो तिथून सगळं घर हलवू लागला, यात त्याचं कसब जास्त दिसतं. आम्ही दोघं यावर बराच वेळ भांडलो.

आणि भाऊबीज होऊन दोन दिवस होतात न होतात तोच, २५ ऑक्टोबरला, सतीश शहा गेल्याची बातमी आली. त्यांना निरोप देताना मालिकेतल्या मंडळींनी तिथे शीर्षकगीत म्हटलं. ते बघून काही लोकांनी नाकं मुरडली असं कानावर आलं. मला त्यात वावगं वाटलं नाही. ज्या घरात अंत्यविधीलाही रोसेशनं कविता म्हणायची परवानगी मागितली असती, तिथे गाणं म्हणजे अगदीच साधं झालं.

तू म्हणालास की गाजलेली गोष्ट घेऊन तिची चिरफाड करतोय. तर हेही लक्षात घे की ती दाखवली जात होती तेव्हा गाजली नव्हती. स्टार वन ही वाहिनी १ नोव्हेंबर २००४ला सुरू झाली, तेव्हाची ही मालिका. शेजारच्या स्टार प्लसवर सासवासुना रडत होत्या आणि टीआरपी तिकडे होता. एप्रिल २००६मध्ये सत्तरएक भागांवर गाडी थांबली. मग पुनर्प्रक्षेपणं झाली, इंटरनेटवर तुकडे फिरले, आणि ज्यांनी मूळ प्रक्षेपण बघितलंच नव्हतं त्या तुमच्यासारख्या पोरांनी ती पाठ केली. २०१७मध्ये हॉटस्टारवर दुसरं पर्व आलं. मी बघितलं. नट तेच होते, पण आता सगळ्यांना आपली वाक्यं प्रसिद्ध आहेत हे ठाऊक झालं होतं. आमच्या फार्सातल्या त्या बदली नवऱ्याची आठवण झाली, यापुढे बोलत नाही. आणि मोनिशा झालेली रूपाली गांगुली पुढे 'अनुपमा' झाली, तीही स्टार प्लसवर. सासरे कोण? अरविंद वैद्य, आपले मधु फुफा. आजी ती मालिका बघते आणि बापूजी गंभीर झाले की हळूच 'हैं?' म्हणते.

आता तुझ्या एकांकिकेच्या खर्ड्याबद्दल. तो मी दोनदा वाचला. आई चांगली जमलीय, वडील थोडे जास्त बोलतात. मुलाला मात्र तू पहिल्या तीन पानांत चार विनोद दिलेस. ते काढ. मला माहीत आहे, मुलाचं काम तू स्वतः करणार आहेस, म्हणून ते जीवावर येईल. दोन आईला दे, एक शेजारच्या काकांना, आणि चौथा मुळात वाईट आहे. मुलाला फक्त ऑफिसला वेळेवर पोचायचंय, एवढंच ठेव. बूट एकच पायात, दुसरा सापडत नाही, आणि प्रत्येक जण त्याला थांबवून काहीतरी सांगतोय. आईच्या वाक्यावर हशा आला तर तू हसू नकोस, बूट शोध.

तालमीला कुणी वही धरायला नसेल तर सांग, शनिवारच्या इंटरसिटीनं येईन. चहा मात्र टपरीवरचा नको. माया म्हणेल काय!

तुझी,
आत्या