वासाची ओळख

आम्ही चौघे उर्दू माध्यमाचे शिक्षक. महाडहून रोज एकाच गाडीने शाळेला जातो. गाडी जुनी, चौघांनी पैसे घालून घेतलेली. बी.एड.ला आम्ही बालमानसशास्त्र शिकलो, पाठ टाचण काढायला शिकलो. गाडीचे दुखणे ओळखायला मात्र शिकलो ते गॅरेजमधल्या उस्तादांकडून. उस्तादांची शाळा चौथीतच सुटली. पण गाडी दारात येऊन थांबली की बॉनेट उघडण्याआधी ते नाक पुढे करतात. म्हणतात, “सर, आवाज मागून येतो. वास आधी येतो.”

हे इल्म कुठल्या अभ्यासक्रमात नाही, म्हणून येथे मांडतो.

चालत्या गाडीत गुळाच्या पाकासारखा गोडसर वास आला तर कूलंट गळते आहे असे समजावे. हीटरच्या आतल्या जाळीतून गळत असेल तर समोरच्या काचेवर आतून चिकट धुके धरते आणि पुढे बसलेल्याच्या पायाखालची चटई ओली लागते. अशा वेळी इंजिनाचा काटा पाहावा, तो वर चढत असेल तर गाडी बाजूला घ्यावी. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड होईपर्यंत उघडू नये, उकळते पाणी अंगावर उडते. वास गोड असला तरी कूलंट विषारी आहे. सांडलेले धुऊन टाकावे.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला येताना जळका, उग्र वास येतो तो बहुधा ब्रेकचा. सतत पाय दाबून ठेवला की लायनिंग तापते आणि तिची पकड कमी होते. फारच तापले तर ब्रेक ऑईल उकळते आणि पेडल खाली जाते. त्यावर उपाय एकच. दुसऱ्या गियरमध्ये उतरावे म्हणजे इंजिनच गाडीला आवरते. वास आलाच तर सपाट जागा पाहून थांबावे, ब्रेक आपोआप निवू द्यावेत, वर पाणी ओतू नये. घाट चढताना जळक्या कागदासारखा वास आला तर तो क्लचचा. अर्धा क्लच दाबून गाडी तोलून धरायची सवय त्याला कारण असते.

सडक्या अंड्यासारखा वास आम्हा शिक्षकांच्या ओळखीचा. प्रयोगशाळेतल्या किपच्या उपकरणातून येतो तोच, हायड्रोजन सल्फाइडचा. गाडीत तो सायलेन्सरकडून आला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा इंधनाचे प्रमाण बिघडलेले असते; बॅटरीकडून आला तर ती जादा चार्ज होत असते. पावसाळ्यात एसी लावताच ओल्या गोणपाटासारखा वास येतो तो बुरशीचा. एसीचे पाणी बाहेर टाकणारी नळी साफ करावी, फिल्टर बदलावा आणि मुक्काम पाच मिनिटांवर आला की एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा. प्लास्टिक जळाल्याचा वास आला तर क्षणभर वेळ घालवू नये. गाडी थांबवून बंद करावी, सर्वांना खाली उतरवावे. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळून देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

आता गॅसचे. आमच्या शाळेत मुले आणणारी एक व्हॅन सीएनजीवर चालते. एका सकाळी मुले तोंडाला रुमाल लावून उतरली. आत मोगऱ्याच्या सेंटचा घमघमाट आणि त्याखाली गॅस. चालक चाचा म्हणाले, “सर, पोरांना मळमळतं म्हणून सेंट लावलंय.” आम्ही व्हॅनचे दरवाजे सताड उघडले, चावी फिरवू दिली नाही, सिलिंडरचा वाल्व हाताने बंद केला आणि उस्तादांना बोलावले. त्यांनी साबणाचा फेस सांध्यांवर लावला. एका सांध्यावर बुडबुडे फुगू लागले. सिलिंडरवरची पट्टी पाहिली तर दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट टळून गेलेली. चाचांचा चेहरा उतरला. व्हॅन उभी राहिली की घरची चूल उभी राहते. शिक्षकांनी वर्गणी काढून त्यांची त्या दिवसांची रोजी भरून दिली आणि व्हॅन टेस्ट होईपर्यंत रस्त्यावर आली नाही. चाचांना गरिबीपायी दुरुस्ती टाळावी लागत होती हे खरे. पण मुले ही आईबापांची अमानत आहे.

मुळात या गॅसला वास नसतोच, तो मुद्दाम मिसळलेला असतो. त्यामागे एका शाळेची कहाणी आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाच्या गावी १८ मार्च १९३७ रोजी शाळेच्या इमारतीखाली नैसर्गिक वायू गळून साठला होता. वास नसल्यामुळे कोणालाच कळले नाही. कार्यशाळेतल्या विजेच्या यंत्राची ठिणगी पडली आणि सुमारे तीनशे विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर गॅसला वास देणे तेथे कायद्याने सक्तीचे झाले. आज आपल्या नाकाला खटकणारा तो घाण वास म्हणजे पुढच्या लेकरांसाठी ठेवलेला पहारेकरी आहे. त्याच्यावर सेंट मारणे म्हणजे पहारेकऱ्याचे तोंड बांधणे.

आणि एक शत्रू पहारेकऱ्याशिवाय येतो. सायलेन्सरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. म्हणून आत धुराचा वास येऊ लागला, डोके जड झाले, मळमळले, गुंगी आली तर प्रवासाचा शीण म्हणून सोडून देऊ नये. काचा उघडून थांबावे, मोकळ्या हवेत यावे. उभ्या गाडीत काचा लावून, एसी चालू ठेवून झोपू नये.

आमच्या गाडीत सेंटची बाटली टांगलेली नाही. अत्तर ईदच्या कपड्यांना शोभते. गाडीला तिचा स्वतःचा वास असू द्यावा, म्हणजे तो बदलला की कळतो.