नाव नको लिहूस!

तुम्ही कधी स्वतःची ओळख करून देताना स्वतःलाच शिवी घातलीय? मी घातलीय. तीही भर स्टाफरूममध्ये, छान हसून!

गोष्ट 2023 च्या जूनमधली. ग्वातेमालातल्या केत्साल्तेनांगो शहरात मी तीन महिन्यांसाठी व्हॉलंटियर म्हणून गेले होते. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? म्हणून तिथले सगळे त्याला 'शेला' म्हणतात. काम काय, तर शाळा सुटल्यावर मुलांना इंग्रजी शिकवायचं. पगार शून्य, वर राहण्या-जेवण्याचे पैसे आपणच भरायचे. ("म्हणजे पैसे देऊन नोकरी?" इति आई.) पहिल्याच दिवशी मी घोकून ठेवलेल्या स्पॅनिशमध्ये सांगून टाकलं, "सोय इंदिया!" मी इंडियन आहे. सगळे चिडीचूप. मग कोपऱ्यातल्या एका मुलीला जे हसू फुटलं, ते थांबेचना.

तीच पुढे माझी मैत्रीण झाली. जातीची माया, भाषा ईशिल. त्या दिवशी चहाच्या वेळी तिने मला बाजूला घेऊन समजावलं. कोलंबस 1492 मध्ये निघाला आपल्याकडे यायला, पोचला भलतीकडेच, आणि तिथल्या माणसांना 'इंदियो' करून मोकळा झाला. ग्वातेमालात आजही तो शब्द माया लोकांना हिणवायला वापरतात. अडाणी, गावंढळ, तुझी लायकी काय, असं सगळं त्यात येतं. "मला शाळेत रोज म्हणायचे," ती म्हणाली. "आणि तू एवढं तिकीट काढून येतेस आणि आपणहून म्हणतेस!"

महिन्याभराने तिने विचारलं, "माझ्या गावाला येतेस? आजीला भेटायला." नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. खरं सांगू? माया म्हटलं की माझ्या डोक्यात जंगलातले पिरॅमिड आणि 2012 मध्ये जग बुडणार म्हणून झालेला गोंधळ, एवढंच होतं. शिवाय माझ्यातली पत्रकार लगेच जागी झाली. दुर्गम गाव, म्हातारी आजी... स्टोरी पक्की!

पहाटे निघालो ते 'कॅमिओनेता'ने. म्हणजे अमेरिकेत रिटायर झालेली स्कूल बस. इथे आली की तिला लाल-हिरवा रंग चढतो आणि दोघांच्या सीटवर तीन जण बसतात. लोस एन्क्वेन्त्रोसच्या तिठ्यावर बस बदलली, सांता क्रूस देल किचेला पुन्हा बदलली. पुढे मायक्रोबसने साकापुलासला नदी ओलांडली आणि कुचुमातानेसचा घाट सुरू झाला. आपल्या लाल डब्यात बसून घाट चढलेली मी, पण इथे माझ्याही पोटात कालवलं. नेबाखला उतरून पिकअपच्या मागे उभ्याने आणखी दीड तास. पाऊस, धुकं आणि दोन्ही बाजूंना मकाच मका.

आजी चुलीपाशी बसली होती. लाल लुगड्यासारखं 'कोर्ते', वर स्वतः विणलेला 'उइपिल'. तिला स्पॅनिश येत नव्हतं. ती ईशिलमध्ये बोलायची, मैत्रीण ते स्पॅनिशमध्ये सांगायची आणि मी त्यातलं निम्मं समजून मान डोलवायची. पहिला प्रश्न आला, "तुमच्याकडे मका असतो का?" मी म्हटलं, असतो की. मका आणि मिरची दोन्ही तुमच्याच भागातून जगभर गेल्या. मिरचीशिवाय तर आमचं पानच हलत नाही. आजीने गंभीर चेहऱ्याने ऐकलं आणि म्हणाली, "मग इतक्या वर्षांचं व्याज आणलंयस का?"

त्या स्वयंपाकघरात मी परकी नव्हतेच. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवायचा, सकाळी धुवायचा आणि बादली घेऊन गिरणीवर जायचं. तिथे बायकांची रांग, गप्पा, कुणाच्या तरी सुनेच्या चुगल्या. आपलं दळणच, फक्त पीठ ओलं. मग हातावर थापून टॉर्टिया. मला वाटलं, भाकरी येते, हे काय अवघड? माझ्या टॉर्टियाचे नकाशे बघून पोरं लोळली. रात्री 'बोशबोल' केलं. वेलाच्या पानांत मक्याचं पीठ घालून गुंडाळायचं, शिजवायचं आणि भोपळ्याच्या बियांच्या चटणीबरोबर खायचं. मी ओरडलेच, "अळूवडी!"

जेवणं झाली. आता वेळ बरी आहे, असं वाटून मी वही काढली. मास कॉममधला पहिला धडा: नाव, वय, गाव. वर तारीख टाकली आणि आजीला नाव विचारलं.

आजीने वहीकडे पाहिलं. मग मैत्रिणीकडे. "ती काय करतेय?"

"तुझं नाव लिहितेय."

"नको. नाव नको."

एवढा वेळ चेष्टा करणारी आजी एकदम दूर गेली. मग चुलीत लाकूड सारत हळूहळू बोलायला लागली. सैनिक आले तेव्हा त्यांच्याकडे यादी होती. यादीत ज्याचं नाव, तो परत आला नाही. मग पुन्हा आले तेव्हा यादीही नव्हती. घरं जाळली, उभा मका जाळला. ती मुलांना घेऊन डोंगरात पळाली...

इथे मैत्रीण भाषांतर करता करता थांबली. आजी बोलतच होती. मैत्रिणीने तिचा हात धरला होता आणि माझ्याकडे ती बघत नव्हती. मी वही मिटली. त्या रात्री पुढचं मला काहीच कळलं नाही.

इतिहास मी नंतर वाचला, जो खरं तर जायच्या आधी वाचायला हवा होता. ग्वातेमालातलं यादवी युद्ध 1960 ते 1996 चाललं. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने 1999 मध्ये सांगितलं की दोन लाखांहून जास्त माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. ज्यांची ओळख पटली त्यांतले 83 टक्के माया होते. ईशिल भागातली 70 ते 90 टक्के गावं उद्ध्वस्त झाली. 1982-83 मध्ये सत्तेवर असलेल्या रिओस मोंत या लष्करशहाला कोर्टाने 2013 मध्ये वंशसंहार आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी मिळून 80 वर्षांची शिक्षा दिली आणि दहाच दिवसांत घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. त्या खटल्यात ईशिल बायकांनी साक्षी दिल्या, डोक्यावरून शाली ओढून, चेहरे झाकून. 2018 च्या एप्रिलमध्ये तो वारला. सप्टेंबरमध्ये कोर्टाने पुन्हा सांगितलं की वंशसंहार झाला होता.

दुसऱ्या दिवशी परतताना पिकअपमध्ये मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझ्या आईला एक मोठा भाऊ होता. चार वर्षांचा. डोंगरात थंडीने गेला. मला काल रात्रीपर्यंत माहीतच नव्हतं."

"मग आजी कालच का बोलली?"

"तू विचारलंस म्हणून. घरात आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं." थोडं थांबून तिने त्या मुलाचं नाव सांगितलं. मला दोनदा म्हणायला लावलं, उच्चार नीट जमेपर्यंत. "लक्षात ठेव. पण लिहू नकोस."

म्हणून या लेखात आजीचं नाव नाही, मैत्रिणीचं नाही, गावाचंही नाही. एका संपादकांनी विचारलं, "नावं नाहीत, फोटो नाही, मग लोकांनी विश्वास कसा ठेवायचा?" प्रश्न बरोबर होता. मी ती स्टोरी दिलीच नाही. माझ्या वहीतल्या त्या पानावर वर तारीख आहे, खाली चटणीचा डाग आहे. बाकी कोरं.

शेलाला पोचल्यावर मी माझ्या आजीला फोन लावला. तिकडचं दुःख आणि आपलं, यांची तुलना होत नाही, हे मला कळतं. तरी विचारलं, "आजी, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही काय केलंत गं?" ती माणदेशातली. पलीकडे क्षणभर शांतता. मग ती तासभर बोलली. खडी फोडायला जायची, हाताला फोड यायचे, तो लाल मिलो घशाखाली उतरायचा नाही...

"इतकी वर्षं कधी बोलली नाहीस ते?"

"तुम्ही कुणी विचारलंत का?"