न फुटलेला छापखाना

आगोटीच्या दिवसांत दोन सख्खे भाऊ वाडीच्या वाटणीचा कागद घेऊन आमच्याकडे आले होते. विहीर कोणाच्या हिश्शात जावी, एवढ्यावर बोलणे तुटले. ते गेल्यावर सायंप्रार्थनेसाठी आम्ही ब्रेव्हियरी उघडली खरी; परंतु मन वळले ते अँटवर्पच्या एका छापखान्याकडे. कित्येक पिढ्या असंख्य धर्मगुरूंच्या हाती त्याच घराण्याने छापलेली ब्रेव्हियरी असे. सेमिनरीत ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला त्याची आम्हांस प्रथम ओळख झाली.

ख्रिस्तोफ प्लांटिन हा मूळचा फ्रेंच बुकबाइंडर. भलत्याच माणसासाठी असलेला तलवारीचा वार त्याच्या खांद्यावर बसला, बांधणीचे काम सुटले आणि म्हणून तो छपाईकडे वळला, अशी घरच्यांची आठवण. १५५५ साली त्याचे पहिले पुस्तक निघाले. १५६२ मध्ये त्याच्या छापखान्यात पाखंडी पुस्तिका सापडली आणि सारी चीजवस्तू लिलावात गेली. त्याच माणसाने पुढे, १५६८ ते १५७२ या काळात, स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या आश्रयाने आठ खंडांचे बहुभाषी बायबल छापावे, ही देवाची करणी! त्याची मुद्रिते घेऊन प्लांटिनची चौथी कन्या माग्दालेना पंडित आरियास मोंतानो यांच्याकडे जाई आणि हिब्रू, ग्रीक, सिरियाक भाषांतील मूळ मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवी. वय अवघे तेराच्या आसपास. गोव्याहून निघालेल्या येशूसंघीयांनी १५८० साली फत्तेपूर सिक्रीस अकबर बादशहाला याच बायबलचे खंड भेट दिले. बादशहाने पगडी उतरवून ते मस्तकी लावले. त्या पोरीचे कष्ट कुठवर पोहोचले पाहा!

१५८९ मध्ये प्लांटिन वारला. पाठीमागे मुलगा नव्हता. होत्या मुली आणि जावई. मृत्युपत्राने मार्टिनाचा पती यान मोरेटुस याला झुकते माप दिले होते. साहजिकच इतरांची मने दुखावली. यानने कागदावर बोट ठेवले नाही. बरेचसे सोडून त्याने मेव्हण्या-साडूंशी समझोता केला. छापखाना मात्र फुटू दिला नाही. पुढेही तो न तोडता कर्तबगार वारसाकडे सोपवण्याची रीत घराण्याने सांभाळली.

तरीही ओहोटी लागलीच, आणि तिच्यात आम्हा धर्मगुरूंच्या पुस्तकांचाही वाटा आहे, हे सांगताना थोडा संकोच वाटतो. स्पेनच्या राज्यात मिस्साग्रंथ व ब्रेव्हियरी पुरविण्याचा मक्ता मिळाला, हुकमी गिऱ्हाईक लाभले, आणि विद्वानांचे ग्रंथ छापणारे घर हळूहळू तेवढ्यावरच विसावले. अठराव्या शतकात स्पेनने तो मक्ता काढून घेतला. अखेर १८७६ साली एडवर्ड मोरेटुस यांनी वास्तू, यंत्रे, खिळे, ग्रंथ, सारे अँटवर्प नगरीला विकले. आज तेथे संग्रहालय आहे आणि जगातील सर्वांत जुनी दोन मुद्रणयंत्रे तेथेच उभी आहेत.

ते दोघे भाऊ येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर पुन्हा येणार आहेत. यानने काय सोडले आणि काय राखले, ते त्यांना सांगावे असा विचार आहे. धाकटा ऐकून घेईल. थोरल्याला पुस्तकातल्या गोष्टींचा कंटाळा. त्याच्यापुढे विहिरीपासूनच सुरुवात करावी लागेल.