आधी ठरव, वाचवायचं काय

आमच्या माण-खटावकडं पाऊस कमी आणि पलटणीत जाणारी पोरं जास्त. एक भाऊ रानात, एक भाऊ मिलिटरीत, अशी बऱ्याच घरांची वाटणी. आमच्यात थोरले चुलते मिलिटरीत होते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. ते इ.एम.ई.त आर्मरर, म्हणजे हत्यारांचे मिस्त्री. लोक त्यांना लढाईच्या गोष्टी विचारायचे आणि ते पान्यांच्या गोष्टी सांगायचे.

2013 च्या उन्हाळ्यात छावण्या लागल्या होत्या. आमची डाळिंबाची चारशे झाडं एका बोअरच्या पाण्यावर तग धरून होती. तेवढ्यात मोटर जळाली. बोअर एकशेऐंशी फूट खोल, वीस-वीस फुटी नऊ पाइप, आणि सॉकेटांतले आटे गंजून एकजीव झालेले. मोटर काढणारा गडी आला. पहिलाच जोड हलेना म्हटल्यावर त्यानं पाइप पान्याच्या दांड्यात चार फुटी नळी घातली आणि दोघांना लोंबकळायला सांगितलं. तात्या बाजंवर बसले होते. ते उठले.

"थांबा. खालच्या पाइपाला कुणी धरलंय?"

कुणीच नव्हतं. नुसत्या क्लॅम्पवर पाइप टांगलेला. वरून जोर लावला आणि वरचा जोड न सुटता जमिनीखालचा सुटला, तर मोटर पाइपासकट तळाला जाणार. मग बोअरही गेली आणि बागही.

तात्यांनी दोन पाने मागितले, एक धरायला आणि एक फिरवायला. मग म्हणाले, "थ्री-नॉट-थ्रीची नळी अशीच बॉडीत आट्यानं बसलेली असती. ती सोडवायची तर एकाला गच्च धरायचं, दुसऱ्याला फिरवायचं. आता धरायचं कशानं आन् कुठं, हीच खरी कारागिरी."

वर्कशॉपात नळी धरायला लाकडी ठोकळे असत, नळीच्या आकाराचे कोरलेले. ती सरकू नये म्हणून ठोकळ्यांना राळेची पूड लावायची. धरायचं ते बॉडीलगत, जिथं नळी जाड असते तिथं. बॉडीला तिच्याच मापाचा पाना लागतो. बॉडी आतून पोकळ. तिच्यात आडवी पहार घालून पिळली तर ती पीळ खाते, मग बोल्ट सरळ चालत नाही. दिवा लावून तापवणं तर नाहीच, पोलादाचं पाणी उतरतं. "आन् हे काम परवान्याच्या कारागिराचं. घरी कुणी हात घालायचा न्हाई," हे ते दर वेळी सांगायचे.

मी विचारलं, "तात्या, मग एवढं करूनही सुटली नाही तर?"

"तर आधी ठरवायचं, वाचवायचं काय. नळी झिजलेली आसंल, टाकायचीच आसंल, तर लेथवर बॉडीच्या तोंडालगत नळीलाच खाच घ्यायची. ताण सुटतो, नळी ढिली होती. नळी जाती, पर बॉडी वाचती. दोन्ही ठेवायच्या असल्या तर लाकडी ठोकळं, तेल आन् दम."

आमच्या जोडालाही त्यांनी तोच हिशेब लावला. पाइपाचे आटे वाचवायचे, सॉकेट गेलं तरी चालेल. रॉकेल आणि ऑइल मिसळून जोडावर सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. गडी कुरकुरला, पण थांबला. सकाळी सॉकेटाच्या एका अंगाला घण टेकवला आणि दुसऱ्या अंगानं हलक्या हातोडीनं फिरत फिरत वाजवलं. पाइप पान्याचे दात जेवढं ओढावं तेवढे रुततात आणि पातळ पाइप चेपतो. म्हणून पाइपाला चेन पाना लावला. साखळी सगळ्या अंगानं आवळते. दोन्ही पाने जोडापासून वीतभर अंतरात.

सात जोड सुटले. एक हटला. त्याच्या सॉकेटाला तात्यांनी करवतीनं उभी चीर मारायला लावली, आट्याला पातं लागायच्या आत थांबवलं आणि छिन्नीनं चीर फाकवली. सॉकेट उघडलं, आटे जसेच्या तसे. तिसऱ्या दिवशी बागेला पाणी सुरू झालं. साठ-सत्तर झाडं तरी वाळलीच, बाकीची जगली.

तात्या आता नाहीत. त्यांच्यानंतर पुष्कळ मिस्त्री पाहिले. न हलणारी वस्तू दिसली की माणसाचा हात आधी मोठ्या हत्याराकडं जातो. दांडा लांब केला की जोर वाढतो, हे कुणालाही कळतं. पण तो जोर कुठं जाऊन बसणार, हे बघायला थोडं थांबावं लागतं. पुढं भावाभावांच्या वाटणीतही मला हेच उपयोगी पडलं. बांधावरून तणतण झाली तेव्हा मी आधी ठरवलं, वाचवायचं काय. दोन वाफे सोडले. धाकटा भाऊ अजून संध्याकाळी चहाला येतो.