आधी खर्ऱ्याचा प्रश्न

मूल होत नाही म्हटले की आपल्याकडे तपासण्यांची फाइल बाईच्या नावाने उघडते. तिच्या सोनोग्राफी होतात, नळ्या तपासल्या जातात, कधी दुर्बिणीने पोटही पाहिले जाते. नवऱ्याच्या वीर्यतपासणीची वेळ येते ती त्यानंतर. वास्तविक अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीने असते, आणि ही तपासणी सगळ्यांत स्वस्त व बिनत्रासाची आहे. ती पहिल्यांदा व्हावी, हे कोणताही तज्ज्ञ सांगेल. मला त्याच्या एक पाऊल पुढे जायचे आहे. नागपुरात, एकूणच विदर्भात, त्या पुरुषाला पहिला प्रश्न खर्ऱ्याचा विचारला पाहिजे. 2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा द्यायला कारखाना लागत नाही. नागपुरातल्या बर्डीच्या मेन रोडवरचा पानठेला पुरतो.

असे म्हणायला आधार मुंबईचाच आहे. वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या तिथल्या 638 पुरुषांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसातून किती वेळा तंबाखू चघळतात यावरून गट पाडले, तेव्हा प्रमाण वाढेल तशी शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि घडण खालावलेली दिसली. यावर रास्त आक्षेप असा की, हे सगळे आधीच अडचणीत असलेले पुरुष. त्यांच्यावरून सर्वांबद्दल कसे बोलायचे? बोलू नये. खर्रा खाणाऱ्या किती जणांना मूल होणार नाही, हे हा अभ्यास सांगत नाही. पण तुलना रुग्णांची रुग्णांशीच आहे, त्यामुळे प्रमाणागणिक वाढणारा फरक ‘ते आधीच आजारी होते’ एवढ्यावर झटकता येत नाही. कारणही समजण्यासारखे आहे. शुक्राणूच्या आवरणात सहज खराब होणारी स्निग्धाम्ले भरपूर असतात आणि त्यांना वाचवणारी सामग्री त्या इवल्याशा पेशीत फार थोडी. तंबाखूमुळे वाढणारा ऑक्सिडीकरणाचा मारा तिला झेपत नाही.

दुसरा आक्षेप ठेल्यावरच ऐकू येईल: आमचे आजोबा आयुष्यभर खात होते, त्यांना सात लेकरे झाली. झाली असतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वीर्यतपासणीच्या पुस्तिकेत शुक्राणूंच्या संख्येची खालची संदर्भमर्यादा मिलिलिटरला 1.6 कोटी आहे, आणि निरोगी पुरुषात ही संख्या त्याच्या कितीतरी पट असू शकते. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला घट जाणवत नाही. जो काठावर आहे त्याचे नुकसान होते. आपण कोणत्या गटात, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

मग नागपूरच्या उन्हाचे काय? पंचेचाळीस अंशांत वृषणांना हवा तो थंडावा मिळत नाही, हे खरे आहे. ती शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड राहावी लागतात, आणि टेक्सासमधल्या 1990 च्या एका अभ्यासात उघड्यावर काम करणाऱ्यांचे उन्हाळ्यातले वीर्य हिवाळ्यापेक्षा कमकुवत आढळले. पण ऊन कोणी सोडू शकत नाही, खर्रा सोडता येतो. शिवाय त्याचा हिशेब वीर्यापाशी संपत नाही. तंबाखूचा फटका रक्तवाहिन्यांनाही बसतो, आणि लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक. त्यामुळे ताठरतेची तक्रार कधी कधी हृदयविकाराच्या काही वर्षे आधी येते. तंबाखू खाणाऱ्या चाळिशीतल्या माणसाने अशा वेळी शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिरातीकडे न वळता आधी रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्यावे. (अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे, भिंतींना मात्र तो ठाऊक नसावा.)

शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, पुढचा प्रवास धरून तीन महिने. म्हणून आज खर्रा सोडला तर त्याचा फायदा पुढच्या आठवड्याच्या अहवालात शोधू नये. बायको पस्तिशीच्या पुढे असेल तर तिचे उपचार त्यासाठी थांबवूही नयेत. दोन्ही एकदम चालू द्यावे. वीर्यतपासणीआधी दोन ते सात दिवस वीर्यपतन टाळावे, आणि अहवाल वाईट आला तर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी, कारण एकाच माणसाचे आकडेही बरेच बदलतात. बाईला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेण्याआधी हे अहवाल फाइलमध्ये असलेच पाहिजेत. नसतील, तर जोडप्याने डॉक्टरांकडे ते मागावेत.