वरणगावचा महामार्ग आणि जुन्या इंजिनांचा जीर्णोद्धार

भुसावळहून पूर्वेकडे मुक्ताईनगरच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात वरणगाव लागते. तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन, रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा, जवळच हतनूर धरणाचा विस्तीर्ण जलाशय आणि त्याच्या वरच्या बाजूस चांगदेव येथे होणारा तापी-पूर्णेचा संगम, असा हा परिसर आहे. खानदेशातील जैन कुटुंबांना हा रस्ता परका नाही. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनासाठी वाशीम जिल्ह्यातील शिरपूरला जाणारी मंडळी आणि मलकापूर, खामगाव, अकोला येथील बाजारपेठांशी व्यवहार असणारे आडतदार, डाळ गिरणीवाले व कापूस व्यापारी यांचा हा नेहमीचा मार्ग होय. सुरतेहून धुळे, जळगाव, नागपूर असे करीत कोलकात्यापर्यंत जाणारा हा महामार्ग पूर्वी सहा क्रमांकाचा होता. आता या भागात त्याचा क्रमांक ५३ आहे.

वरणगावची ओळख दोन गोष्टींनी झाली आहे. एक म्हणजे भुसावळ-नागपूर लोहमार्गावरील स्थानक आणि दुसरी म्हणजे १९६२च्या चीन युद्धानंतरच्या काळात येथे उभारलेला आयुध निर्माणी कारखाना. लहान शस्त्रांची काडतुसे तयार करणारा हा कारखाना २०२१च्या ऑक्टोबरपासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग झाला. अहिंसेचे व्रत सांभाळणाऱ्या श्रावकाला तेथील उत्पादनाविषयी ममत्व वाटण्याचे कारण नाही. परंतु अशा कारखान्यामुळे परिसरात एक कारागिरी रुजते, हे मान्य केले पाहिजे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवणारे फिटर, टर्नर आणि लेथवर हात बसलेले कारागीर अशा गावांत घडतात.

शेजारच्या भुसावळची ख्याती तर इंजिनांचीच. तेथील रेल्वेच्या शेडने आणि कार्यशाळेने अनेक पिढ्यांना यंत्रविद्या शिकविली. शेतीकडूनही या विद्येला हातभार लागला. विहिरींवर विजेचे पंप येण्यापूर्वी बागायतदारांचा भरवसा तेलावरच्या इंजिनांवर होता. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे सुरू झाली आणि राजकोटच्या कारखान्यांनी लिस्टर पद्धतीची संथ चालीची इंजिने गावोगाव पोहोचविली. ऐन उन्हाळ्यात इंजिन बंद पडले तर केळी वाळे, म्हणून ते उघडून पुन्हा बांधणारा मिस्त्री खेड्यापाड्यांत मानाचा माणूस होता. ‘इंजिन बांधणे’ हा शब्दप्रयोग त्याच्याच तोंडचा. इंजिन पूर्ण मोकळे करून, झिजलेला प्रत्येक भाग नीट करून ते पुन्हा जोडणे, असा त्याचा अर्थ.

याच मिस्त्रींच्या हाती पुढे व्यापाऱ्यांच्या मोटारी आल्या आणि त्यांत फियाट अग्रभागी होती. या गाडीचा जैन समाजाशी जवळचा संबंध आहे. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी बांधकाम, जहाजवाहतूक, विमाननिर्मिती अशा क्षेत्रांत पाऊल टाकल्यावर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना केली. मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ साली पहिले वाहन बाहेर पडले. आरंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीचे साहाय्य होते. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि ‘फियाट ११००’ भारतीय रस्त्यांवर दिसू लागली. हीच गाडी पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घराघरांत ओळखली गेली. परवान्यांच्या त्या काळात नोंदणी केल्यावर गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे गाडी दाराशी आली की आधी कुंकवाचे स्वस्तिक रेखाटले जाई आणि मग ती तीर्थयात्रेला निघे.

या गाडीचे उत्पादन २०००च्या सुमारास थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरील काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही २०२३च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. कंपनी थांबली की सुटे भाग थांबतात आणि सुटे भाग थांबले की गाड्या एकेक करून कोपऱ्यात उभ्या राहतात. अनेक वाड्यांत, गोदामांत आणि बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात अशा गाड्या आजही ताडपत्रीखाली आहेत. त्या चालत्या ठेवण्याचा छंद जोपासणारी माणसे महाराष्ट्रात सर्वत्र आहेत. एखाद्याच्या गाडीचे इंजिन धरले की त्यांच्यात जो व्यवहार सुरू होतो, तो व्यापारी कुटुंबांनी समजून घेण्यासारखा आहे.

पद्मिनीचे इंजिन तसे साधे. चार सिलिंडर, १०८९ घन सेंटीमीटर क्षमता, बिडाचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचे हेड. अनेक वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला चिकटतात. नवशिका माणूस अशा वेळी जोर लावतो आणि उरलेलेही मोडून बसतो. जाणता मिस्त्री प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडतो आणि काही दिवस थांबतो. मग क्रँक हाताने किंचित पुढे, किंचित मागे हलवून पाहतो. इंजिन उतरविल्यावर प्रत्येक भागावर खूण केली जाते, कारण बेअरिंगची टोपी असो वा पिस्टन, जो ज्या जागचा त्याच जागी परत बसला पाहिजे.

त्यानंतर मोजमाप येते. सिलिंडर वरच्या भागात जास्त झिजतो आणि त्याची गोलाई बिघडून तो किंचित लांबट होतो. झीज थोडी असेल तर बोअर ठरावीक मापाने वाढवून मोठे पिस्टन घालतात. जास्त असेल तर आत नवी स्लीव्ह ठोकून मूळ माप परत आणतात. क्रँक घासून गोल करावी लागते आणि तिच्या नव्या मापाच्या बेअरिंग शोधाव्या लागतात. पद्मिनीहूनही जुन्या अनेक गाड्यांत तयार बेअरिंग नसतात. तेथे पांढरा धातू वितळवून भरतात आणि निळा रंग लावून, कोठे टेकते ते पाहून हाताने खरवडतात. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले जातात. वाकलेले हेड सपाट केले जाते. पॅकिंग बसवून हेडचे नट मधून कडेकडे, थोडे थोडे करीत आवळतात. इतके झाल्यावरही घाई चालत नाही. प्लग न लावता इंजिन फिरवून तेलाचा दाब चढल्याची खात्री केली जाते आणि सुरू झाल्यावर पहिले काही शे किलोमीटर गाडी सावकाश चालवून इंजिन मोकळे होऊ दिले जाते.

या सगळ्यात पैशापेक्षा दुर्मीळ असते ती एकत्र जुळणी. एकाच्या गोदामात न वापरलेल्या पिस्टनचा संच पडलेला असतो, पण त्याच्या गाडीला त्याची गरज नसते. दुसऱ्याजवळ तडा न गेलेला ब्लॉक असतो. तिसऱ्याच्या कपाटात कंपनीची जुनी दुरुस्ती-पुस्तिका असते. चौथा लेथवरचा जाणकार असतो, मात्र त्याची स्वतःची गाडी नसते. एकट्याचे इंजिन कोणालाच पूर्ण बांधता येत नाही. म्हणून रविवारी एकाच्या अंगणात चार जण जमतात, पिस्टन येतो, क्रँक दुसऱ्या गावी घासायला जाते आणि ज्याचे इंजिन अडले होते त्याचे काम पुढे सरकते. या देवघेवीत बाजारभाव क्वचितच लावला जातो. आज घेणाऱ्याने उद्या दुसऱ्यासाठी उभे राहावे, एवढीच अपेक्षा असते.

ही रीत केवळ आपल्याकडची नाही. १९११च्या सुमारास फियाट कंपनीने वेगाच्या विक्रमासाठी ‘एस-७६’ नावाच्या दोन प्रचंड गाड्या बनविल्या होत्या. त्यांच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाची क्षमता २८ लिटरांहून अधिक, म्हणजे पद्मिनीच्या सुमारे २६ पट होती. पहिल्या महायुद्धानंतर दोन्ही गाड्या मोडल्या गेल्या. डंकन पिटअवे या इंग्रज छांदिष्टाला एकीची चॅसी ऑस्ट्रेलियातून मिळाली आणि दुसरीचे इंजिन इटलीतून. दोन खंडांत विखुरलेले हे अवशेष एकत्र आणून, हरवलेले भाग नव्याने घडवून, २०१४ साली त्याने ते इंजिन पुन्हा सुरू केले. एका देशात जपलेला सांगाडा दुसऱ्या देशात जपलेल्या इंजिनावाचून निरुपयोगीच राहिला असता.

सरकारनेही या छंदाला आता कायद्याची चौकट दिली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू लागली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, ती १० वर्षे वैध आणि पुढील नोंदणीसाठी ५,००० रुपये, असे तेव्हा ठरले. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालविता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली आणि दुरुस्ती वा इंधनासाठीच ती रस्त्यावर आणता येते. १९७४ची गाडी २०२४ साली या पन्नाशीत पोहोचली. मात्र नियमात ‘मूळ स्वरूप’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पूर्वी पेट्रोल महागले म्हणून कित्येकांनी जुन्या मोटारींची मूळ इंजिने काढून डिझेल इंजिने बसविली. चॅसी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठे बदल केलेल्या वाहनाला ही मान्यता मिळत नाही. म्हणून जुने इंजिन बदलण्याऐवजी तेच पुन्हा बांधण्याला आज कागदोपत्रीही मोल आले आहे.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. जुनी मोटार सांभाळणे हा परिग्रहच नव्हे काय? आणि वाहन चालविणे हा आरंभ-समारंभ नव्हे काय? उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते. शोभेसाठी दहा गाड्या जमविणे आणि त्यांचा अभिमान मिरविणे याला भोगोपभोग परिमाणाच्या व्रतात जागा नाही. परंतु आपल्या परंपरेने आणखी एक गोष्ट शिकविली आहे. नवे मंदिर उभारण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट मानले गेले. मोटार म्हणजे मंदिर नव्हे आणि दोहोंची तुलना करू नये. तरीही जे आहे ते टाकून न देता नीट करावे, नव्यासाठी पुन्हा खाण खणू नये, भट्टी पेटवू नये, ही दृष्टी व्यवहारातही उतरायला हरकत नाही. तसेच साधर्मिक वात्सल्याचा संस्कार लहानपणापासून झालेल्या समाजाला एकाचे अडलेले काम दुसऱ्याने आपले मानणे नवीन नाही. जीवांनी परस्परांवर उपग्रह करावा, हे तत्त्व तर जैन प्रतीकाखालीच कोरलेले आहे.

परिग्रह आणि जतन यांतील फरक येथे स्पष्ट होतो. गोदामात कुलुपात पडलेला पिस्टनचा संच हा परिग्रह आहे. वर्षाअखेर तो ‘डेड स्टॉक’ म्हणून वहीत चढतो, त्याला गंज लागतो आणि शेवटी किलोच्या भावाने जातो. तोच संच दुसऱ्या गावच्या अडलेल्या छांदिष्टाला दिला तर एक इंजिन उभे राहते, एका मिस्त्रीच्या हाताला काम मिळते आणि एका तरुणाला विद्या मिळते. वस्तू तीच, पण तिचे मोल ती कोणाच्या उपयोगी पडली यावरून ठरते.

वेळ मात्र थोडा आहे. पांढरा धातू भरणारे, क्रँकचा आवाज ऐकून बेअरिंगची झीज सांगणारे मिस्त्री आता वृद्ध झाले आहेत. त्यांची विद्या पुस्तकांत फारशी नाही, ती हातात आहे. त्यांच्या मुलांनी दुसरे व्यवसाय धरले तर त्यात त्यांचा दोष नाही, परंतु ते हात थांबल्यावर मूळ सुटे भाग सापडूनही उपयोग होणार नाही. ज्या कुटुंबांत जुनी गाडी आहे, त्यांनी भंगारवाल्याला बोलाविण्याआधी काही साध्या गोष्टी कराव्यात. गाडीचे नोंदणीपुस्तक शोधून इंजिन व चॅसीचे क्रमांक ताडून पाहावेत. गोदामातील जुन्या सुट्या भागांची यादी करावी. गावातील जुन्या मिस्त्रीला घरी बोलवावे आणि तो काम करीत असताना घरातील एका तरुणाने शेजारी बसून प्रत्येक माप वहीत उतरवावे. स्वतःला गाडी ठेवायची नसेल, तर ती जो बांधील त्याला द्यावी.

वरणगावच्या महामार्गावरून आज नव्या, झगमगीत गाड्या वेगाने धावतात. याच रस्त्याने कधी काळी चार सिलिंडरांच्या फियाटमधून कुटुंबे यात्रेला गेली, व्यापारी पेढीवर गेले, नवरी सासरी आली. ती इंजिने बांधणारे हात आणि त्यांना लागणारे भाग याच टापूतील गोदामांत, गल्ल्यांत आणि वाड्यांत विखुरलेले आहेत. ते एकमेकांपर्यंत पोहोचविणे हे व्यापारी समाजाला अवघड नाही, कारण एका गावचा माल दुसऱ्या गावच्या गरजेला पोहोचविणे हेच तर त्याने पिढ्यानपिढ्या केले आहे.