ढाणकीची पहांट आणि मोटारींतील ऊब

मार्गशीर्षांतील एका पहांटे पुतण्याच्या मोटारींतून आम्ही सपत्नीक ढाणकीहून उमरखेडकडे निघालों. पैनगंगेकडील शेतांवर दाट धुकें होतें. बसतांच आम्हीं उष्णतेचा आंकडा २८ वर नेला. वारा मात्र मंद! यंत्र बिघडलें, असा निर्णयही आम्हीं देऊन टाकला. (मास्तरकीची जुनी खोड!)

‘काका, ही ऊब इंजिनाभोंवतीं फिरणाऱ्या पाण्याची. तें तापेपर्यंत यंत्र आपण होऊन पंखा मंद ठेवतें. आंकडा वाढवून पाणी लवकर तापत नाहीं,’ असें म्हणून त्यानें २२ चा आंकडा लावला.

तरी कुटुंब कुडकुडतांना पाहून आम्हीं बाहेरची हवा बंद करणारी कळ दाबली. थोड्याच वेळांत तिघांच्या श्वासांनीं समोरची कांच आंधळी झाली, आणि उंसानें लादलेली बैलगाडी अगदीं जवळ आल्यावरच दिसली! पुतण्यानें कसाबसा ब्रेक लावला. मग बाहेरची हवा मोकळी करून, झोत कांचेवर वळवून, त्यानें चक्क ए. सी. चालू केला. हवेंतील बाष्प त्याच्या गार नळ्यांवर पाणी होऊन गळतें, आणि कोरडी हवा तापून कांचेवर येते. पारा शून्यानजीक गेल्यास हा उपाय लंगडा पडतो. ढाणकीस ती भीति नाहीं.

कांच निवळली. बैलांच्या पाठीवर गोणपाटाच्या झुली होत्या. उमरखेड येईपर्यंत आम्हीं कळींना हात लावला नाहीं. कुटुंबानें मात्र आपली शाल अर्धी आमच्या गुडघ्यांवर सारली.